रोवणीचा चार्ज

आमच्या घरात दिवसभरात मीठ मागितलं जात नसेल इतक्या वेळा ‘चार्ज’ हा शब्द कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतो, आणि प्रत्येक वेळी तो वेगळाच काहीतरी असतो. मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे निदान मला तरी हा शब्द कळायला हवा अशी घरच्यांची अपेक्षा आहे. ती मी आजवर पूर्ण केलेली नाही.

माझं माहेर लाखनीचं. हायवेला लागून वडिलांचं टायरचं दुकान होतं आणि शेजारच्या टपरीत ट्रकच्या बॅटऱ्या रात्रभर गुरगुरत पडलेल्या असायच्या. चार्ज करणं म्हणजे ते, एवढंच मला ठाऊक. मग लग्न होऊन तुमसर तालुक्यात, सिहोऱ्याच्या अलीकडच्या एका गावात आले. नवरा मॅंगनीजच्या खाणीत कामाला. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात घरी येऊन म्हणाला, आज सगळे होल चार्ज करून आलो, उद्या उडवायचे. मी बराच वेळ विचार करत राहिले की दगडाला कुणी चार्जिंगला कसं लावेल. मग त्यानं समजावलं की खडकात भोकं पाडून त्यात दारू भरतात, वायर जोडतात, त्याला चार्ज करणं म्हणतात, मग भोंगा वाजतो आणि सगळे लांब जातात. चार्ज केल्यावर तिथं थांबायचं नसतं हेही त्यानं मला बजावून सांगितलं, जसं काही मी रोज खाणीत डबा घेऊन जाणार होते.

पुढं आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठ म्हणून शाळेचा चार्ज माझ्याकडं आला. चार्ज घेतला म्हणजे पगार वाढत नाही, फक्त किल्ल्या वाढतात. नवीन मुख्याध्यापक येईपर्यंतच तुम्ही सांभाळा, असं मला सांगण्यात आलं होतं. ते अजून यायचेच आहेत. त्यात उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, गॅस चार्ज करावा लागेल, आणि त्याचा चार्ज वेगळा पडेल. एकाच वाक्यात दोन. शेजारी वनरक्षक राहतात, ते एकदा लंगडत आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, रानडुकरानं चार्ज केलं. सासूबाईंनी हळद लावायला दिली आणि मला आत येऊन विचारलं, डुकरानं काय केलं म्हणून? मी म्हटलं, धावून आलं. मग तसं मराठीत सांगायला यांना काय झालं, असं त्या म्हणाल्या.

या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सहावीच्या वर्गात एका मुलीनं नेमका हाच प्रश्न विचारला. मॅडम, चार्ज म्हणजे एक काय ते सांगा ना. मी फळ्यावर लिहायला लागले. भरणे, आकारणे, आरोप ठेवणे, ताबा घेणे, चाल करून जाणे. लिहिता लिहिता माझा हात थांबला, कारण यांचा एकमेकांशी काय संबंध ते माझं मलाच दिसेना. घंटा वाजली म्हणून सुटले. घरी येऊन जाडा शब्दकोश काढला. त्यात म्हटलं होतं की हा शब्द मुळात गाडीचा, गाडीत ओझं भरणं एवढाच त्याचा पहिला अर्थ. वाचून बरं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगितलं, तर ती मुलगी म्हणाली, म्हणजे बैलांना विचारत नव्हते का? मी तिला खाली बस म्हटलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण जूनमध्ये सासूबाईंनी हा शब्द उचलला.

त्यांना साखरेचा आजार आहे. उजव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाला कशाची तरी जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. तुमसरच्या डॉक्टरांनी पाय उलटासुलटा करून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं की या पावसाळ्यात चिखलात पाय घातलात तर बोट जाईल, कदाचित त्याच्याही पुढं जाईल. बाहेर येऊन सासूबाईंनी चप्पल घातली आणि मला विचारलं, हा डॉक्टर कुठला? मी म्हटलं, नागपूरचा असावा. त्या म्हणाल्या, त्याले काय मालूम रोवणी काय असते. रोवणी म्हणजे भाताची लावणी, भर चिखलात वाकून करायची.

आमचं धानाचं शेत फार मोठं नाही, पण ते सासूबाईंचं आहे. सासरे गेल्यापासून रोपांसाठी पऱ्हे टाकण्यापासून रोवणीला बायका सांगण्यापर्यंत सगळं त्याच करत आल्या. नवरा ट्रॅक्टरवाल्याला सांगून चिखलणी करून घेतो, तेवढाच त्याचा भाग. मी या घरात इतकी वर्षं आहे, पण रोवणीच्या दिवसांत शाळा असते, म्हणून चिखलात माझा पाय कधी पडला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्याची किळसही येते.

डॉक्टरकडून आल्यावर काही दिवसांनी, एका संध्याकाळी मी वह्या तपासत असताना सासूबाई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “यंदा रोवणीचा चार्ज तू घे.”

हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता हे उघड होतं. पण कोणता? मुख्याध्यापकाचा, जो कुणी येईपर्यंत सांभाळायचा असतो? की तलाठ्याची बदली झाल्यावर देतात तसा, जो दिला की माणूस गाव सोडून जातो? मी विचारलं, म्हणजे मी नक्की काय करायचं? त्या म्हणाल्या, काय करा लागते, रोवणी करा लागते. एवढं सांगून त्या उठल्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुमचं तुम्ही दोघी पाहून घ्या. चार्ज केल्यावर तिथं थांबायचं नसतं हे त्याला खाणीनं चांगलं शिकवलं आहे.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ते बोट. चार्ज माझ्याकडं आला म्हणजे सासूबाईंना शेतापासून लांब ठेवायचं, असा मी त्याचा सरळ अर्थ घेतला. शाळेचा चार्ज घेतला तेव्हा मी सगळ्यांना एक निरोप पाठवला होता की यापुढं कामकाजासाठी माझ्याशी बोलावं. तेच मी इथं केलं. आमच्याकडं रोवणीला येणाऱ्या बायकांची एक टोळी आहे. तिची म्होरकी माझ्याच वयाची, खमकी बाई. तिला मी फोन लावला. म्हटलं, या वर्षीपासून रोवणीचं सगळं माझ्याकडं आहे. आईंना काही विचारू नका, त्यांना त्रास देऊ नका, जे असेल ते मला सांगा. ती म्हणाली, बरं मॅडम. आणि हळूच विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, आजपासूनच. तिनं फोन ठेवला. किती समजूतदार बाई आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं होऊन सासूबाई पुढच्या खोलीत खाटेवर आडव्या झाल्या होत्या, मी मागं कपडे वाळत घालत होते. परत आले तर पुढच्या खोलीत बायकाच बायका. अख्खी टोळी. डोक्यावर पदर, खालच्या मानेनं खाटेभोवती जमिनीवर बसलेल्या, कुणी कुणाशी बोलत नाही. एकीच्या हातात केळी होती, एकीच्या हातात बिस्किटाचा पुडा. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हुंदके आवरत होती. आणि सासूबाई तोंड उघडं टाकून झोपलेल्या.

मला काही कळेना. मी म्होरकीला खुणेनं विचारलं, काय झालं? ती उठून माझ्याजवळ आली आणि माझाच दंड धरून म्हणाली, धीर धरा मॅडम.

तेवढ्यात सासूबाईंना जाग आली. त्यांनी डोळे उघडून एकदा सगळ्यांकडं पाहिलं. मग झटकन उठून बसल्या आणि विचारलं, “कोन मेलं वं?”

रडणारी म्हातारी रडायची थांबली. केळीवाली केळी कुठं ठेवावी ते न कळून ती मांडीवर घेऊन बसली. दाराशी बसलेल्या एका बाईनं गंगाजलाची छोटी बाटली पदराखाली ढकलली, पण ती मी पाहिलीच. शेवटी म्होरकीनं सांगून टाकलं की मॅडमचा फोन आला, मावशीला आता काही विचारू नका म्हणाल्या, म्हणून आम्ही समजलो की संपलंच.

झालं होतं ते असं. आमच्या गावात घरातली थोरली बाई जिवंत आहे तोवर रोवणीला बायका सांगायला तीच जाते, दारोदार, स्वतःच्या पायांनी. हात थरथरो की डोळे जावोत, सांगणं तिचंच. सुनेकडून सांगणं आलं याचा अर्थ सासू अंथरुणाला खिळली. आणि सासूला काही विचारू नका असं आलं, याचा अर्थ तिला विचारण्यासारखं काही राहिलेलं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला सांगावंसंच वाटलं नव्हतं, कारण हे ज्याला माहीत नाही असं माणूस गावात माझ्याशिवाय नव्हतं.

बायका आधी चपापल्या, मग एकीला हसू फुटलं आणि सगळ्या सुटल्या. सासूबाईही हसल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. मेल्यावर केळी कोन आणते वं, असं म्हणत त्यांनी केळी सगळ्यांना वाटली, बिस्किटाचा पुडा फोडला, मला चहा ठेवायला लावला. मीही हसत होते. मला वाटलं, चला, निभावलं.

बायका गेल्यावर त्यांनी खाटेवरची गोधडी घडी करून ठेवली. माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, “मी काम देलं होतं तुले. मले काहून काढलं?”

मी म्हटलं, आई, तुमच्या पायासाठी. त्या म्हणाल्या, पाय माहा आहे.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? मी काय यांच्या शेतावर डोळा ठेवून होते? स्वतःच देतात, काय दिलं ते सांगत नाहीत आणि घेतलं की विचारतात, का घेतलं. शाळेत बरं असतं, वरून लेखी येतं. मी नवऱ्यापुढं बडबड केली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आईचं बरोबर आहे, तुझंही बरोबर आहे. अशा माणसाशी भांडण तरी काय करणार!

पुढचे दिवस विचित्रच गेले. आधी कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या कोणत्या तुकड्यात, रोवायचं असं विचारलं की त्या म्हणायच्या, मले काय विचारते, चार्ज तुह्याकडं आहे. मग मी आपल्या मनानं ठरवायची, तळ्याकडच्या बांधीपासून सुरू करू. लगेच त्या म्हणायच्या, तिथून काहून? मी म्हणायची, मग कुठून? तू सांग ना, असं म्हणून त्या जखमेवरची पट्टी बदलायला बसायच्या. काय माझं आणि काय त्यांचं, याचा मला काही केल्या अंदाज येईना. एकदा तर मी रडकुंडीला येऊन म्हटलं की घ्या तुमचा चार्ज परत. त्या म्हणाल्या, असा परत थोडी घेता येते. मग हे त्यांना माहीत होतं तर दिला कशाला, असा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण त्यांच्या पायाकडं लक्ष गेलं आणि मी तो गिळला.

एवढं मात्र मी केलं की टोळीला पुन्हा सांगायला आम्ही दोघी गेलो. त्या पुढं, मी मागं, दारोदार. त्या म्हणायच्या, येजा वं पोरींनो, आणि मी नुसती उभी राहायची. सगळ्यांनी येतो म्हटलं. म्होरकीनं मला बाजूला घेऊन विचारलं की मॅडम, आता मावशीला विचारायचं की तुम्हाला? मी म्हटलं, मलाही माहीत नाही. ती म्हणाली, बरं, पाहू.

रोवणी लागली तेव्हा मी शाळेतून रजा घेतली. सासूबाईंनी शेतावर यायचं नाही असं सांगायची माझी हिंमत राहिली नव्हती. मग नवऱ्यानं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली, खाली पाट टाकला, त्यांच्या दोन्ही पायांना पॉलिथिनच्या पिशव्या बांधल्या आणि वर गमबूट चढवले. आणि मी, जिला चिखलाची किळस येते ती, साडी खोचून बांधीत उतरले. कुणीतरी उतरायला हवं होतं. पहिली मूठ घरच्या बाईच्या हातची लागते, असं बायका म्हणाल्या. चिखल पोटरीपर्यंत आला तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला आणि सगळ्या टोळीनं तो ऐकला.

मला रोवता येत नव्हतंच. माझी रोपं लगेच आडवी व्हायची, मागून येणारी बाई ती उचलून पुन्हा लावायची आणि म्हणायची, मॅडम, नापास. धुऱ्यावरून सासूबाई ओरडायच्या की इतकं खोल नाई, बोटानं दाब. कधी म्होरकी त्यांना विचारायची, कधी मला, आणि मी पटकन त्यांच्याकडं पाहायची. हळूहळू असं झालं की तिनं मला विचारायचं, मी त्यांच्याकडं पाहायचं, त्यांनी मान हलवायची, आणि मी हो म्हणायचं. पाठ मोडून आली होती, पण संध्याकाळी हिरव्या झालेल्या बांधीकडं पाहून मला शाळेतल्या कुठल्याही निकालापेक्षा जास्त आनंद व्हायचा. तो मी कुणाला सांगितला नाही.

शेवटच्या दिवशी रोपांची शेवटची पेंडी संपली आणि बायकांनी एकदम गलका केला. सगळ्यांनी वाकून ओंजळी भरून चिखल घेतला. रोवणी संपली की टोळी शेताच्या मालकिणीला चिखलानं माखते आणि तिच्याकडून जेवण कबूल करून घेते. मी हे ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. बायका गाणं म्हणत खुर्चीकडं निघाल्या. मी घाबरले, म्हटलं पायाला लावू नका. म्होरकी म्हणाली, फक्त गालाला लावतो मॅडम.

त्या खुर्चीजवळ पोचल्या तशा सासूबाईंनी हात आडवा केला. “मले नाई. तिले लावा.”

गाणं थांबलं. म्होरकी म्हणाली, मावशी, असं काहून? सासूबाई म्हणाल्या, रोवणी तिनं केली ना? मग तिलेच लावा. आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मग म्होरकी वळली, आणि त्या सगळ्या माझ्या अंगावर आल्या. गालाला, केसांना, चष्म्याला, पाठीला. मी ओरडत होते, पळत होते, घसरून बसले, आणि खरं सांगते, लहानपणानंतर इतकी हसले नव्हते. चष्म्यावरचा चिखल पुसून पाहिलं तर सासूबाई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या.

घरी आल्यावर मी अंगणात बादली घेऊन पायरीवर बसले. नवरा फोटो काढायला फोन शोधत आत गेला. जाता जाता म्हणाला की दरवर्षी आज आई अशी यायची, ओळखू यायची नाही. सासूबाई माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. साडीवर एक डाग नव्हता. त्यांनी गमबूट काढले, पिशव्या सोडल्या, बोट पाहिलं. ते कोरडं होतं. मग दोन्ही हात पुढं धरून ते उलटसुलट करून पाहत राहिल्या.

“पुढच्या साली नेशीन ना मले?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, असं काय बोलता आई, वावर तुमचं आहे, मी कोण नेणारी?

“तसं नाई. नेशीन का नाई, ते सांग.”

मी पाहिलं तर त्या खरंच उत्तराची वाट पाहत होत्या. या बाईनं मला लग्नापासून हजार गोष्टी सांगितल्या होत्या, मागितलं कधी काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अंगावरचा सगळा चिखल काढून तिथल्या तिथं त्यांच्या हातात द्यावा असं वाटलं.

“नेईन,” मी म्हटलं.

त्या बरं म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या.

“भाजी कोनती करू?”

आमच्या घरात हा प्रश्न त्या दिवसापर्यंत मी विचारत आले होते.